आमबागेतली जुमेरात

कासारघाटच्या बागेचं खरं नाव बाग-ए-आम. म्हणजे सगळ्यांची बाग. पण गावानं त्या नावाची उलटापालट करून आमबाग करून टाकलं, आणि मग बाहेरगावचा पाहुणा आला की पहिला सवाल करायचा, आंबे कुठं आहेत? आंबा एकच होता, पाण्याच्या टाकीजवळचा, तोही आंबटढाण. बाकी बकुळी, शिरीष, लिंबांची रांग, गुलाबाचे चौकोनी वाफे, मधोमध दगडी कमळाचं कारंजं आणि उत्तरेला पैनगंगेत उतरत गेलेल्या पायऱ्या. निजामाच्या अमलात कोण्या हौशी तहसीलदारानं ती बाग लावली होती, त्यालाही जमाना झाला होता. नदीच्या ह्या काठाला हैदराबाद संस्थान आणि त्या काठाला वऱ्हाड, इंग्रजांचं राज्य. बागेच्या कठड्याला टेकून उभं राहिलं की परका मुलूख हाकेच्या अंतरावर दिसायचा.

मनकर्णा त्या परक्या मुलखातलीच. समोरच्या बोरवंडची. तिचं लग्न जमलं तेव्हा तिची माय बयनाबाई खूश झाली होती, कारण पोरगी लांब जात नव्हती. आपल्या वावराच्या धुऱ्यावर उभं राहिलं की कासारघाटची घरं दिसत. मुलगाही चांगला. वामनराव तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. उर्दू अक्षर मोत्यासारखं, डोक्याला काळी टोपी, तोंडात कधी वाकडा शब्द नाही. घरात एकटी सासू, जयवंताबाई. सोयऱ्यांनी एवढं सगळं पाहिलं, पण मधल्या नदीकडं कोणी पाहिलं नाही.

नदी काही फार मोठी नव्हती. पण तिच्यातून सरहद्द जात होती. घाटावर करोडगिरीचं नाकं होतं. डोंग्यातून येणाऱ्याजाणाऱ्यांची गाठोडी उघडून जकात घ्यायचे, बाईमाणसाचं बोचकंही उपसून पाहायचे. सरकारी नोकराच्या बायकोनं उठसूट परमुलखात जाणं बरं दिसत नाही, असं जयवंताबाईंचं म्हणणं. तेव्हा माहेर म्हणजे दिवाळी आणि आखाडी, बस. आणि बयनाबाईनं इकडं येण्याचा तर प्रश्नच नव्हता. लेकीला लेकरू होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही अशी त्यांच्या घरातली रीत, आणि बयनाबाई रीत मोडणारी बाई नव्हती.

राहिली ती जुमेरात.

गुरुवारी दुपारनंतर बाग फक्त बायकांची असे. तहसीलदारांच्या बेगमेनं तसा वार पाडून घेतला होता. फाटकाला कनात लागायची, माळी दादाजी सोडून सगळे गडी बाहेर, आणि दादाजीही बायकांकडं पाठ करून वाफे खुरपत बसायचा. बेगम टाकीजवळच्या बाकावर पानदान घेऊन बसे. देशमुखांच्या सुना, पेठेतल्या बायका, शाळामास्तरांची बायको, सगळ्या दोन घटका डोक्यावरचा पदर सैल सोडायला येत.

मनकर्णा नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. सासूच्या मागे मागे बागेत आली, कारंजं पाहिलं, गुलाब पाहिले आणि फिरत फिरत पायऱ्यांशी गेली. समोर पाहते तर काठावर लाल लुगडं. बयनाबाई निंदण सोडून उभी होती, कपाळावर आडवा हात धरून.

"मने वो!" पाण्यावरून हाक आली.

मनकर्णानं सासूकडं पाहिलं. जयवंताबाई दुसरीकडं पाहत होत्या. तेवढी परवानगी पुरे होती.

"माय!"

"काय करून राह्यली वो?"

"बाग पाहून राह्यली!"

"काय फुललं बागेत?"

"गुलाब!"

मग तो शिरस्ताच पडला. दर जुमेरातीला बयनाबाई काठावर यायची आणि मनकर्णा पायऱ्यांवर. पावसाळ्यात पाण्याच्या आवाजापुढं काही ऐकू येत नसे, तेव्हा नुसतं पाहायचं. हिवाळ्यात मात्र शब्द न् शब्द पोचायचा. अडचण एवढीच की मोठ्यानं बोललेलं सगळ्या नदीला ऐकू जायचं. नाक्यावरचे शिपाई, धुणं धुणाऱ्या बायका, डोंगेवाले, सगळे ऐकायचे. घरातलं, मनातलं काही बोलता येत नसे. म्हणून त्या दोघी बागेचंच बोलत. बकुळीला किती बहर आला, शिरीषाच्या शेंगा कशा वाजतात, आंब्याला मोहोर धरला की गळला. बयनाबाई दर वेळी विचारायची, "अन् कारंजं चालू झालं काय वो?" आणि मनकर्णा दर वेळी ओरडायची, "नाय वो माय, बंदच हाय!" त्यावर बेगमसुद्धा तोंडाला पदर लावून हसायची.

मनकर्णाला दुसऱ्या वर्षी दिवस गेले आणि पाचव्या महिन्यात पडलं. घरातून बाहेर निघाली त्या जुमेरातीला ती पायऱ्यांवर गेली. बयनाबाईच्या कानावर डोंगेवाल्याकडून गेलंच होतं. ती पाण्यात पाऊल बुडेपर्यंत पुढं आली. मग तिनं विचारलं, "काय फुललं वो?"

"काई नाय," मनकर्णा म्हणाली. आवाज पलीकडं पोचला की नाही कोणास ठाऊक. बयनाबाई तिथंच खाली बसली, आणि दिवस बुडेपर्यंत दोघी आपापल्या काठावर बसून राहिल्या. जयवंताबाईंनी त्या दिवशी घरी चलण्याची घाई केली नाही.

पुढं एकदा तसंच झालं, आणि नंतर काही झालंच नाही.

इंग्रज गेले. त्या काठावर तिरंगा लागला आणि ह्या काठावर निजामाचा झेंडा तसाच राहिला. मग जे दिवस आले त्यांत कासारघाटच्या माणसाला शेजाऱ्याच्या दाराची कडी वाजवायलाही भीती वाटू लागली. रझाकारांची एक टोळी आमबागेत येऊन उतरली. गुलाबाच्या वाफ्यांत घोडे बांधले. डोंगे ओढून ह्या काठाला आणले आणि त्यांचे तळ फोडले. पेठेतली निम्मी घरं कुलपं लावून, लांबच्या उतारानं नदी ओलांडून वऱ्हाडात गेली. मनकर्णाचा भाऊ चंपतराव तिकडं पळून आलेल्यांच्या जेवणाखाण्याचं पाहत होता, असं उडत उडत कळलं. वामनरावांना मात्र कचेरी सोडता येईना. गेले असते तर नोकरीही गेली असती आणि मागं राहिलेल्या म्हाताऱ्या आईचं काय झालं असतं, सांगता येत नाही.

"बाहेर पाऊल टाकायचं नाही," वामनरावांनी सांगितलं. "तुझा भाऊ कुठं आहे हे इथं सगळ्यांना मालूम आहे."

मनकर्णानं पाऊल टाकलं नाही. पण गुरुवार उजाडला की तिचा हात कामात चालत नसे. भाकर करपायची. दुपार कलली की ती परसातल्या भिंतीशी जाऊन उभी राही. तिथून नदी दिसत नव्हती, नुसता बागेतल्या शिरीषाचा शेंडा दिसायचा. माय आली असेल का? आली तर घोडे पाहून काय समजली असेल? की येणंच सोडलं असेल? एकदा पलीकडून बंदुकीचे बार ऐकू आले आणि सगळं गाव दारं लावून बसलं. त्यानंतर कितीतरी दिवस मनकर्णा झोपेतून दचकून उठायची.

पावसाळा सरता सरता हिंदुस्थानची फौज आली आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. बागेतली टोळी कुठं गेली, कोणाला कळलं नाही. तहसीलदारही गेले. बेगम एका सकाळी बैलगाडीत बसून आदिलाबादकडं निघाली. मनकर्णा दारात उभी होती. बेगमेनं गाडीचा पडदा जरासा बाजूला केला, तिच्याकडं पाहिलं, आणि पुन्हा पडदा ओढून घेतला. त्या बाईनं कोणाचं वाईट केलं नव्हतं. पण तो असा काळ होता की कोणी कोणाला थांब म्हणू शकत नव्हतं.

दिवाळी झाली, डोंगे दुरुस्त झाले आणि एक दिवस डोंगेवाला दारात येऊन सांगून गेला, "बाई, येत्या जुमेरातीला तुमची माय येऊन राह्यली. घरी नाय, बागेत."

जयवंताबाई चकित झाल्या. "अन् रीत?"

"बाग जावयाची थोडीच हाय, म्हणाल्या. बाग सरकारची हाय."

गुरुवारी मनकर्णा ऊन चढायच्या आधीच जाऊन बसली. बागेची दशा झाली होती. गुलाबांच्या नुसत्या काटक्या उरल्या होत्या, एका बाकाचा दगड फुटला होता. दादाजी तेवढा जागेवर होता, आळी करत. डोंगा आला. चंपतराव आधी उतरला आणि त्यानं मायचा हात धरला. मनकर्णाला वाटलं, म्हातारपण आलं. मग बयनाबाई पायरी चाचपत चढू लागली आणि चंपतराव प्रत्येक पायरीला "हं, आता" म्हणू लागला, तेव्हा ती पायऱ्यांकडं धावली.

"भाऊ, मायच्या डोळ्याले काय झालं?"

चंपतराव खाली पाहत म्हणाला, "गेल्या उन्हाळ्यापासून असं हाय. उजेड तेवढा समजते."

बयनाबाईनं हात पुढं केला, लेकीचा चेहरा चाचपला, कानातलं, मानेवरचं हाड. "वाळली," ती म्हणाली. मग लगेच, "चाल, बाग दाखव."

"माय, बागेत आता काई राह्यलं नाय."

"जे राह्यलं ते दाखव."

मनकर्णानं तिला हाताला धरून फिरवलं. बकुळीचं खोड दाखवलं, बयनाबाईनं त्याला मिठी मारल्यासारखे हात लावून जाडी पाहिली. शिरीषाची शेंग कानाशी नेऊन वाजवली. कारंज्याच्या दगडी कमळाची एकेक पाकळी बोटांनी मोजल्यासारखी पाहिली आणि म्हणाली, "हे होय! मी तर पितळेचं समजत होती." आंब्याखाली बसून तिनं आपलं गाठोडं सोडलं. ज्वारीची भाकर, ठेचा, कांदा. मनकर्णानं केलेला लाडू तिनं बाजूला सारला. पण तहान लागली तेव्हा टाकीचं पाणी ओंजळीनं प्यायली.

"ह्या पाण्याले हरकत नाय," ती म्हणाली. "सरकारचं हाय."

"कोणत्या सरकारचं वो माय?" चंपतराव हसून बोलला. "ते सरकार तर गेलं."

"जे असंल त्याचं. पाणी तर नाय ना गेलं."

तो बोलता बोलता दादाजीकडं तंबाखू मागायला गेला. दोघीच उरल्या. आता ओरडायची गरज नव्हती. इतक्या वर्षांत साठलेलं सगळं बोलता आलं असतं, पण मनकर्णा मायच्या गाठोड्याची गाठ सोडत-बांधत बसली. शेवटी तिनं मनात घोळत होतं ते विचारलं.

"माय, मधी वर्षभर मी येऊ शकली नाय. तू येत होती काय?"

"येत होती ना."

"उन्हाळ्यानंतरबी?"

"हो."

"दिसत नव्हतं तर कायले येत होती?"

बयनाबाईला तो प्रश्न समजला नाही असं वाटलं. "तू कुठं दिसत होती आधी तरी?" ती म्हणाली. "एवढ्या लांबून एक ठिपका दिसे. तो तूच हाय, हे म्याच मनानं धरलं होतं. मंग दिसलं काय अन् नाय दिसलं काय."

मनकर्णा मायच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. बयनाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि नदीकडं तोंड करून बसली.

त्यानंतर पाणी उतरलेलं असलं की बयनाबाई जुमेरातीला डोंग्यानं येऊ लागली. जनानी वार आता राहिला नव्हता. बाग सगळ्यांना सगळ्या दिवशी खुली झाली, फाटकावर नवी पाटी लागली, आणि गंमत अशी की त्यामुळं बऱ्याच बायका यायच्या बंद झाल्या, कारण बाकांवर गडी पत्ते कुटत बसायचे. ह्या मायलेकी मात्र आंब्याखालची जागा सोडत नसत. मनकर्णाच्या आयुष्यातली ती चांगली वर्षं. जयवंताबाई मधल्या काळात गेल्या. मरताना सुनेला म्हणाल्या, "तुह्या मायला एकदा घरी बोलवायचं राहून गेलं बाई."

वामनरावांचं मात्र काही खरं नव्हतं. ज्या उर्दूवर त्यांनी नाव कमावलं, ती कचेरीतून उठत चालली होती. तरणी पोरं इंग्रजीत टिपणं लिहीत आणि वामनराव त्यांना विचारून सही करत. मग राज्यांची फेररचना होणार असं ऐकू येऊ लागलं. ज्या त्या भाषेचं वेगळं राज्य. वामनरावांच्या चेहऱ्यावर रोज नवीन उजेड दिसू लागला. आपला तालुका मराठी, तो मुंबई राज्यात जाणार, किनवटचा जाणार, राजुऱ्याचा जाणार. आयुष्यात एकदा तरी दफ्तरात आपल्या भाषेत लिहीन, असं ते जेवताना म्हणायचे.

निकाल लागला तेव्हा किनवट गेलं, राजुरा गेला आणि कासारघाट आंध्रात राहिलं. नदी तीच, सरहद्दही तिथंच.

मराठी सरकारी नोकरांना मर्जी विचारली, आंध्रात राहायचं की मुंबई राज्यात जायचं. वामनराव त्या संध्याकाळी पेढे घेऊन घरी आले.

"नांदेडला जायचं," ते म्हणाले. "साहेबांना बोलून आलो. सोमवारी लिहून देतो. पुरा कारभार मराठीत होऊन राह्यला तिकडं. घर पण मिळेल, गोदावरीच्या जवळ."

मनकर्णानं पेढ्याचा पुडा देवापुढं ठेवला. पाठ न वळवताच म्हणाली, "मी नाही येत."

लग्नापासून आजवर तिनं हे शब्द उच्चारले नव्हते. वामनरावांना आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"काऊन?"

"मायले सोडून नाही जमत."

"बाई, नांदेड काय विलायत आहे? ये-जा करता येते."

"माय आंधळी हाय. ती नांदेडले कशी येईल? दर जुमेरातीला मी तरी कशी येईन?"

वामनरावांचा आवाज चढला. त्या घरात आवाज चढणं ही नवीच गोष्ट होती. "मी इथं राहून काय करू? ह्या उमरीत तेलुगू गिरवत बसू? पाटी घेऊन? पोरं हसतील मला! तुझी माय अजून किती दिवस..." ते थांबले.

मनकर्णा वळली. तिला राग आला नव्हता. "तेवढे दिवस," ती म्हणाली.

दोन दिवस पेढ्यांचा पुडा देवापुढं तसाच बांधलेला राहिला. सोमवारी वामनराव कचेरीत गेले आणि आले. हातपाय धुऊन पाटावर बसले. अर्धी भाकर खाऊन झाल्यावर म्हणाले, "इथंच राहतो म्हणून सांगितलं." मनकर्णानं त्यांच्याकडं पाहिलं. ते ताटाकडं पाहत होते. त्यानंतर त्यांनी नांदेडचं नाव कधी घेतलं नाही.

पण इथंच राहतो म्हटलं तरी इथं राहणं कोणाच्या हातात असतं? होळीच्या सुमाराला हुकूम आला, बदली उटनूरला. जंगलातलं गाव, मोटार गुडीहत्नूरला बदलून जायचं, पावसाळ्यात रस्ता बंद. मनकर्णा भांडी बांधायला लागली तर वामनरावांनी तिचा हात धरला.

"तू राहा."

"तुमच्या जेवणाचं काय?"

"होईल काहीतरी. तू आलीस तर मी नांदेड सोडलं कशापायी?"

ते खरंच बोलले होते, टोमणा नव्हता. तेच तिला जास्त लागलं. एक वळकटी आणि एक ट्रंक घेऊन वामनराव एकटे मोटारीत चढले.

घर रिकामं झालं. आतापर्यंत मनकर्णाला वाटायचं की आपल्याला ओढ म्हणून जी काही आहे ती एकाच दिशेची, उत्तरेची. नवरा घरातच असायचा. घरात असलेल्या माणसाची कोणी वाट पाहतं का? संध्याकाळी खुंटीवर टोपी अडकवल्याचा आवाज, चूळ भरण्याचा आवाज, देवाचं पुटपुटणं, ह्यातलं काही ऐकू येईना तेव्हा तिला आपण काय ऐकत होतो ते कळलं. महिन्या-दोन महिन्यांनी ते सुटीवर येत. दर वेळी थोडे अधिक काळवंडलेले, सदऱ्याची गुंडी तुटलेली. एकदा तापातून उठून आले आणि तापाचं सांगितलंसुद्धा नाही. औषधाची बाटली पिशवीत दिसली म्हणून समजलं.

ती जुमेरातीला बागेत जातच होती. बाग आता बरी दिसत होती, गुलाब पुन्हा लावले होते. फाटकापलीकडून गुडीहत्नूरकडचा रस्ता जायचा आणि दुपारची मोटार तिथंच थांबायची. एका थंडीतल्या जुमेरातीला बयनाबाई आंब्याखाली बसून वावरातल्या कापसाचं सांगत होती. बोंडं कशी फुटली, वेचणीला बाया कशा मिळत नाहीत. मनकर्णा हं हं करत होती. बयनाबाई मधेच थांबली.

"मने, तुहं तोंड कुठं हाय?"

"म्हणजे?"

"आवाज इकडून येत नाय. फाटकाकडं पाहून राह्यली काय?"

मनकर्णा गोरीमोरी झाली. "मोटार आली वाटते."

"जावई येणार होता?"

"नाही. अजून पंधरा दिवस नाही."

"मंग?"

मनकर्णा पदराला लागलेल्या कुसळी वेचू लागली. बयनाबाईनं कापसाचं बोलणं पुरं केलं, टाकीचं पाणी प्यायली आणि नेहमीपेक्षा लवकर चंपतरावाला हाक मारली.

पुढच्या जुमेरातीला डोंगा आला तो चंपतरावाला एकट्यालाच घेऊन. मायला थंडी बाधते म्हणाला. त्याच्या पुढच्या खेपेला गुडघे दुखतात. मग सणवार आला. मनकर्णाला धीर निघेना, ती त्याच डोंग्यात बसून पलीकडं गेली. नाक्याची चौकी ओस पडली होती, दारात कुत्रं झोपलं होतं. बोरवंडच्या घरी पोचली तर बयनाबाई अंगणात ताठ बसून सुपात तूर घोळत होती. गुडघे चांगले होते.

"माय, काऊन येत नाही तू?"

"नाय येत आता मी."

"माह्या हातून काई चुकलं काय?"

"चुकलं." बयनाबाईनं सूप खाली ठेवलं. "त्या माणसानं तुह्यासाठी आपला मुलूख सोडला अन् तू त्याले जंगलात पाठवून इथं मायजवळ बसून राह्यली. मले आधी समजलं नाय. मले वाटलं, तुले माहीच ओढ हाय. तशी असती तर मी मरेपावतो येत राह्यली असती. पण तू तिकडं पाहून राह्यली वो."

"मी दोन्हीकडं पाहून राह्यली, माय."

"दोन्हीकडं पाहताच येत नाय. एका काठावर राहून मी दुसऱ्यावर पाहत राह्यली, मले ठाऊक हाय." ती लेकीच्या दिशेनं हात पसरून थांबली, मनकर्णानं तो धरला. "मी काई मरून नाय राह्यली इतक्यात. तू उटनूरले असली तर मले ठाऊक राहीन की मनी उटनूरले हाय. तेवढं पुरते मले. आजवर तेवढ्यावरच भागवलं ना?"

मनकर्णा त्या घरी दोन दिवस राहिली. मायच्या डोक्याला तेल लावलं, तिचं फाटलेलं लुगडं दंड घालून शिवलं. निघताना बयनाबाई काठापर्यंत आली नाही, दारातच थांबली. मनकर्णा पाण्यावरून परतताना मागं पाहत राहिली, पण काठावर वेचणीच्या बायांशिवाय कोणी नव्हतं.

घराची किल्ली तिनं शेजारी दिली. बागेत जाऊन यावं असं फार मनात आलं, फाटकापर्यंत गेलीही, पण मोटार उभी होती आणि ड्रायव्हर चढा चढा करत होता.

गुडीहत्नूरला मोटार बदलली. पुढचा रस्ता सागाच्या रानातला. गोंडांची गावं मागं पडत होती, माळावर तीळ कापलेले. नदी कुठंच नव्हती. उटनूर आलं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. कचेरीच्या ओसरीवर वामनराव दोन शेतकऱ्यांशी तेलुगूत बोलत होते. अडखळत होते, हातवारे करून शब्द शोधत होते, आणि ते दोघे मान हलवत वाट पाहत होते. मनकर्णाला एक अक्षर समजलं नाही. एवढ्यात वामनरावांचं लक्ष गेलं. ते बोलायचे थांबले.

"काय झालं? माय बरी आहे ना?"

"बरी हाय."

"मग किती दिवसांसाठी आलीस?"

"आता राहायला आली."

वामनरावांनी खाली उतरून तिची ट्रंक उचलली, आणि ती जड आहे असं पाहून जरा वेळ तशीच धरून उभे राहिले. मग शिपायाला तेलुगूत काहीतरी सांगितलं. शिपाई नुसताच पाहत राहिला. वामनरावांनी तेच उर्दूत सांगितलं, तेव्हा तो किल्ली आणायला पळाला.

खोली लहान होती, कौलं काळी पडलेली. मनकर्णानं चूल सारवली, तांदूळ निवडले. दिवेलागणीला दारात येऊन बसली. समोर डोंगर, डोंगरावर रान, रानात कोणीतरी गुरांना हाका मारत होतं. वामनराव दुधाचं भांडं घेऊन आले आणि तिच्या शेजारी उंबऱ्यावर टेकले.

"काय विचार करून राह्यली?"

"माय आता घरात गेली असंल. ओट्यावर गार वारा सुटतो तिथं."

वामनरावांनी मान हलवली. भांडं त्यांनी गुडघ्यांवर टेकवलं.

"पेरण्यांच्या आधी रस्ता चालू असतो," ते म्हणाले. "दोघंही जाऊन येऊ."

पेरण्या अजून लांब होत्या. मनकर्णानं त्यांच्या हातातलं दूध घेतलं आणि तापवायला आत गेली.